किस्सा मागणारा प्रश्न आणि निर्णय उलगडणारा प्रश्न

कवी आणि संगीतकार, नाटककार आणि दिग्दर्शक अशा एकत्र काम केलेल्या जोडीला प्रकट मुलाखतीसाठी समोरासमोर बसवायचे ठरले, की प्रश्नांची यादी करण्याचे काम कोणाच्या तरी गळ्यात पडते. त्या यादीत दोन जातींच्या प्रश्नांची सरमिसळ असते. एक प्रश्न किस्सा मागतो, दुसरा निर्णय उलगडतो. दोन्ही एकाच घटनेविषयी असतात आणि दोन्हींची भाषाही जवळपास सारखी असते, त्यामुळे यादी करताना त्यांतला फरक ध्यानात येत नाही. तो कळतो उत्तर ऐकताना, आणि तोवर उशीर झालेला असतो.

गीतरामायणाचे उदाहरण घेऊ. ग. दि. माडगूळकर यांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही मालिका पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झाली आणि दर आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे वर्षभर चालली. वर्षाचे आठवडे ५२, गीते मात्र ५६, कारण त्या वर्षी अधिक मास आला होता. 'गीते ५६ कशी झाली?' असे या जोडीला विचारले असते, तर अधिक मासाची हकीकत मिळाली असती, श्रोत्यांनी माना डोलावल्या असत्या आणि विषय तिथेच संपला असता. ती हकीकत दोघांपैकी कोणीही, दुसऱ्याच्या गैरहजेरीत, जशीच्या तशी सांगू शकला असता. याउलट, 'चार गीते वाढणार हे कळल्यावर कथेत त्यांच्यासाठी जागा कुठे केली, आणि तोवर इतक्या चाली वापरून झालेल्या असताना त्या गीतांना वेगळेपण कसे आणले?' या प्रश्नाचा पूर्वार्ध कवीकडे जातो आणि उत्तरार्ध संगीतकाराकडे. शिवाय एकाचे उत्तर ऐकल्याशिवाय दुसऱ्याचे पुरे होत नाही. दोघांना एकत्र बसवण्याचे सार्थक अशाच प्रश्नाने होते.

'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा' या गीतात राम भरताची समजूत घालतो आणि कडव्यामागून कडवे येत राहते. 'या गाण्याची एखादी आठवण सांगा' हा झाला किस्सा मागणारा प्रश्न. 'इतकी कडवी असताना प्रत्येकाला तीच चाल ठेवायची की मध्ये कुठे वळण द्यायचे, हे कोणाच्या आग्रहाने ठरले? एखादे कडवे गाळावे असे चाल लावताना वाटले का?' हा झाला निर्णयाचा. यात शब्द आणि स्वर यांची प्रत्यक्ष ओढाताण समोर येते, कारण कवीला सांत्वनाचा युक्तिवाद पुरा करायचा असतो आणि संगीतकाराला श्रोत्याचे कान राखायचे असतात. दोघांपैकी कोणी किती सोडले हे पूर्वी कोणी विचारलेले नसेल, तर उत्तर देणाऱ्यालाही क्षणभर थांबावे लागते. तो थांबला, की प्रश्न योग्य जागी लागला असे मी मानतो.

फसवणारा प्रश्न मात्र तिसराच असतो: 'तुमच्यात कधी मतभेद झाले का?' वरवर पाहता हा निर्णयाच्या मुळाशी जाणारा वाटतो, पण त्याला 'छे, आमचे सूर पहिल्या दिवसापासून जुळले' किंवा 'भांडणे तर रोजचीच' एवढीच उत्तरे येतात, आणि दोन्ही पाठ झालेली असतात. मतभेद झाले का, हे न विचारता कोणत्या ओळीवर, कोणत्या प्रवेशावर काम अडले होते ते विचारावे. 'असे का केले?' हेही जोडीसमोर जपून वापरावे लागते, कारण दुसऱ्यादेखत विचारलेला 'का' जाब मागितल्यासारखा ऐकू येतो आणि माणूस सारवासारव करू लागतो. 'हे कधी ठरले? तोवर त्या जागी काय होते?' असे विचारले, तर तेच कारण आपसूक बाहेर पडते.

जोडीतलेच एकमेकांना प्रश्न विचारणार असतील, तर किस्सा मागणारे प्रश्न आणखी पोकळ होतात. स्वतः हजर असलेल्या प्रसंगाची माहिती सहकाऱ्याला विचारणे हा निव्वळ श्रोत्यांसाठी केलेला अभिनय असतो, आणि पुढच्या रांगेतल्यांना तो लगेच कळतो. तिथे विचारणाऱ्याला उत्तर खरोखर ठाऊक नसलेलाच प्रश्न चालतो: 'मी चाल ऐकवली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, कोणता शब्द बदलावा लागेल असे तेव्हा वाटले होते?'

किस्से अजिबात नकोत असे नाही. सुरुवातीला एखादा हवाच, कारण त्याने दोघे सैलावतात आणि काम ठाऊक नसलेल्या श्रोत्याला प्रसंग कळतो. वेळ कमी पडला, तर मात्र यादीतले किस्सेच आधी कापावेत.