डोकं थकतं तेव्हा मेंदूतली साखर संपलेली नसते

दिवसभर हे करू की ते करू, याला हो म्हणू की नाही, असे निर्णय घेऊन डोकं चालेनासं झालं की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘काहीतरी गोड खा, मेंदूची साखर संपलीय.’ ही समजूत आली प्रयोगशाळेतूनच. इच्छाशक्तीचा साठा मर्यादित असतो, वापरला की आटतो, असं मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडलं. २००७ मध्ये या साठ्याचा संबंध रक्तातल्या ग्लुकोजशी जोडला गेला. पुढे २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून जास्त लोकांवर इच्छाशक्ती आटण्याचा हा परिणाम पुन्हा तपासला, तर तो जवळजवळ शून्य निघाला. हिशेबही जुळत नाही. मेंदू शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो, पण ती आपण स्वस्थ बसलो तरी खातोच. डोकेफोड केल्याने त्यात थोडीच भर पडते.

थकवा मात्र खरा आहे, आणि त्याचं मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण २०२२ साली पॅरिसमधून आलं. तिथे एका गटाला सहा तासांहून अधिक काळ पडद्यावर एकामागून एक अक्षरं दाखवली. आत्ताचं अक्षर तीन अक्षरांपूर्वीच्या अक्षरासारखंच आहे का, हे ओळखायचं. दुसऱ्या गटाला फक्त आधीचं एकच अक्षर लक्षात ठेवायचं होतं. मधूनमधून एमआरआय यंत्रानेच मेंदूतल्या रसायनांचं प्रमाण मोजलं. अवघड काम करणाऱ्यांच्या कपाळामागच्या भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, ग्लुटामेट नावाचं रसायन वाढलेलं दिसलं. दृष्टीच्या केंद्रात तसं झालं नाही.

ग्लुटामेट हा चेतापेशींमधला निरोप्या. एक पेशी तो सोडते, पुढची उत्तेजित होते आणि शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या मदतनीस पेशी तो लगेच शोषून घेतात. तिथे त्याचं ग्लुटामाइन होतं, ते चेतापेशीकडे परत जातं आणि त्यापासून पुन्हा ग्लुटामेट बनतं. हे शोषून घेणं फार महत्त्वाचं, कारण पेशींबाहेर साचलेलं ग्लुटामेट चेतापेशींना घातक ठरतं. संशोधकांचा तर्क असा की ग्लुटामेट साचत चाललं की मेंदू त्या भागाचा वापर महाग करून टाकतो, म्हणजे संयम लागणारं काम टाळू लागतो. म्हणूनच थकलेला गट थांबून जास्त पैसे घेण्याऐवजी लगेच मिळणारी लहान रक्कम पसंत करू लागला. हा एकाच प्रयोगाचा निष्कर्ष आहे आणि कार्यकारणभाव अजून सिद्ध व्हायचा आहे. तरी ‘बुद्धिवर्धक’ पेयांच्या जाहिरातींपेक्षा त्याचा पाया कितीतरी भक्कम आहे.

उंदरांमध्ये गाढ झोपेत पेशींबाहेरचं ग्लुटामेट कमी होताना दिसलं आहे, त्यामुळे झोपेला पर्याय शोधू नये. कर्जाच्या कागदांवर सही किंवा नोकरीचा राजीनामा दिवसाच्या शेवटी नको. त्या वेळी कल लगेच सुटका देणाऱ्या पर्यायाकडे झुकतो. रोजच्या बारीकसारीक गोष्टींसाठी ‘असं झालं तर हे करायचं’ असे नियम आधीच ठरवावेत. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनानुसार असे नियम ठरलेले असले की प्रसंग येताच कृती जवळजवळ आपोआप होते.