खाण नसलेल्या जागी पोलाद : बाओस्टीलची पार्श्वभूमी

पोलादाचा कारखाना सहसा लोहखनिजाच्या नाहीतर कोळशाच्या आधाराने उभा राहतो. जमशेदपूर तसंच, भिलाई तसंच, चीनमधलं आनशानही तसंच. शांघायच्या उत्तरेला यांगत्सेच्या काठी असलेल्या बाओशानमध्ये यातलं काहीच नव्हतं. होता तो नदीचा गाळ, जहाजांना अपुरं पडणारं उथळ मुख आणि हिवाळ्यात खारट होणारं पाणी. तरीही 1978 साली चीनने आपला सर्वांत आधुनिक सरकारी पोलाद कारखाना तिथे बांधायला घेतला. तोच बाओस्टील. पुढच्या चाळीस वर्षांत बाओस्टीलने उभारलेली बंदरं, बांधलेला जलाशय, ऑस्ट्रेलियातल्या खाणीत घेतलेली भागीदारी, सगळ्याचं मूळ या जागेत सापडतं.

जागा निवडण्याचं कारण शांघायच्या गरजेत होतं. शहरात पोलाद बनवणाऱ्या जुन्या गिरण्या भरपूर होत्या, पण त्यांना लागणारं कच्चं लोखंड शहरात पुरेसं तयार होत नव्हतं. दुसऱ्या प्रांतांतून ते थंड झालेल्या लाद्यांच्या रूपात यायचं आणि पुन्हा वितळवावं लागायचं. खनिज वितळवून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीतून निघालेला लोखंडाचा रस सुमारे 1,500 अंश सेल्सियसला असतो. तो तसाच लोखंडाचं पोलाद करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये ओतला तर ती उष्णता कामी येते. लाद्या पाडून गार केल्या की तेवढंच इंधन पुन्हा जाळावं लागतं. त्यामुळे सुरुवातीचा विचार फक्त शांघायला रस पुरवणाऱ्या झोतभट्ट्यांचा होता. चर्चा पुढे गेली तसा त्याचा खनिजापासून पत्र्यापर्यंत सगळं करणारा संपूर्ण कारखाना झाला. ऑक्टोबर 1978 मध्ये चिनी नेते डेंग श्याओपिंग यांनी जपानमध्ये निप्पॉन स्टीलचा किमित्सू कारखाना पाहिला आणि असाच कारखाना उभारायला मदत करा, अशी मागणी केली. 22 डिसेंबरला निप्पॉन स्टीलशी करार झाला. त्याच दिवशी बीजिंगमध्ये आर्थिक सुधारणांची दिशा ठरवणारी पक्षाची बैठक संपली. दुसऱ्या दिवशी, 23 डिसेंबरला, बाओशानमध्ये कामाचा प्रारंभ झाला.

पहिला झगडा जमिनीशी होता. यांगत्सेच्या त्रिभुज प्रदेशात पक्का खडक फार खोल आहे आणि वर मऊ, पाण्याने भरलेली चिकणमाती. हजारो टनांचा भार तोलणारी भट्टी अशा मातीवर थेट बसवता येत नाही. म्हणून खालच्या घट्ट वाळूच्या थरापर्यंत जातील अशा, सुमारे 60 मीटर लांबीच्या पोलादी नळ्यांच्या पाइल, म्हणजे पायाचे खांब, जमिनीत ठोकल्या गेल्या. या नळ्याही जपानहूनच आणाव्या लागल्या.

मग ठोकलेल्या पाइल आपल्या जागेवरून सरकल्याचं आढळलं. अशा मातीत हे का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. पाइल आत जाते तेव्हा तिच्या आकाराएवढी माती बाजूला ढकलली जाते आणि मातीतल्या पाण्याचा दाब वाढतो. वाळूतून पाणी झटकन निघून जातं. चिकणमातीतून ते निघायला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्यात शेजारी पायाचा खड्डा खणला, किंवा खणलेली माती खड्ड्याच्या कडेलाच रचली, की एका बाजूचा दाब सुटतो, दुसऱ्या बाजूचा वाढतो आणि माती मोकळ्या बाजूला सरकते. पाइलचं डोकं तिच्याबरोबर जातं. उपाय कामाच्या क्रमात आहे: पाइल ठोकण्याचा वेग आवरायचा, दाब उतरू द्यायचा, खड्डा पातळ थरांनी खणायचा आणि माती दूर नेऊन टाकायची. शांघायमध्ये मात्र तोवर अफवा पसरली होती की अख्खा कारखाना घसरून यांगत्सेत जाणार. तोंगजी विद्यापीठाचे पूल-अभियंता ली गुओहाओ यांच्या नेतृत्वाखालच्या सल्लागार समितीने सरकलेल्या पाइलचं गणित मांडलं आणि त्या भार पेलू शकतात असा निर्वाळा दिला. या प्रकल्पाच्या कथेत राजकीय नेत्यांची नावं नेहमी पुढे येतात. आमच्या मते ली गुओहाओ यांचं हे काम त्यांच्याइतकंच मोलाचं होतं.

जमीन सावरली, पण पैसा आटला. सप्टेंबर 1980 मध्ये राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेत, म्हणजे चीनच्या संसदेत, सदस्यांनी पोलादमंत्री तांग के यांना बाओशानबद्दल उघड जाब विचारला. जागा का निवडली, खर्च किती, प्रदूषणाचं काय? चीनमध्ये असे प्रश्न जाहीरपणे विचारले जाणं दुर्मीळ होतं आणि प्रश्न रास्तही होते. वर्षाच्या अखेरीस पहिला टप्पा लांबवण्याचं आणि दुसरा थांबवण्याचं ठरलं. 1981 च्या सुरुवातीला परदेशी कंपन्यांना करार स्थगित झाल्याचं कळवण्यात आलं. पण काम थांबलं म्हणून यंत्रं यायची थांबत नाहीत. दमट हवेत पडून राहिलेल्या मोटरींचं इन्सुलेशन ओल धरतं, बेअरिंगना गंज चढतो. अशी यंत्रं पुसून, ग्रीस भरून, कोरड्या जागी सांभाळणं हेच एक मोठं काम होऊन बसतं. आता थांबवणंच महागात पडेल हे लक्षात आल्यावर 1981 मध्येच पहिला टप्पा पुढे न्यायचं ठरलं.

पाण्याचा प्रश्न चिनी अभियंत्यांनी ज्या तऱ्हेने सोडवला, तो या इतिहासातला सर्वांत देखणा भाग वाटतो. हिवाळ्यात नदीचा प्रवाह कमी झाला की समुद्राची भरती आत घुसते आणि पाण्यातले क्लोराइड, म्हणजे क्षार, वाढतात. असं पाणी शीतकरणाच्या नळ्यांत फिरवलं तर त्या आतून कुरतडल्या जातात. झोतभट्टीची भिंत थंड ठेवणाऱ्या शीतक पट्टीला भोक पडलं तर पाणी थेट तापलेल्या भट्टीत शिरण्याचा धोका. आधीच्या योजनेत 70 किलोमीटरहून दूर असलेल्या दियानशान तलावातून नळाने पाणी आणायचं होतं. पण त्याने शहराच्याच पाण्यावर ताण आला असता. अखेर यांगत्सेच्या काठालगत बांध घालून सुमारे 1 कोटी घनमीटरचा जलाशय करण्यात आला. तत्त्व सोपं आहे: पाणी गोडं असेल तेव्हा भरून घ्यायचं, खारट झालं की दरवाजे बंद करून साठ्यावर दिवस काढायचे.

खनिजाच्या बाबतीत मात्र इतका सुटसुटीत मार्ग नव्हता. ऑस्ट्रेलियाहून येणारी मोठी जहाजं यांगत्सेच्या मुखातून पूर्ण भाराने येऊ शकत नव्हती. म्हणून निंगबोजवळ बेइलुनला 1 लाख टनी जहाजांसाठी धक्का बांधला गेला. तिथे माल उतरवून लहान जहाजांत भरायचा आणि बाओशानला न्यायचा. या दुहेरी हाताळणीत भाडं वाढतंच, शिवाय दर वेळी ढेकळं फुटून चुरा होतो. चुरा तसाच भट्टीत टाकला तर वर येणाऱ्या वायूची वाट बंद होते. तो चाळून, कोकच्या (हवा न लागू देता भाजलेल्या कोळशाच्या) भुकटीबरोबर भाजून, सिंटर करून, म्हणजे ढेकळांत बांधूनच वापरावा लागतो.

15 सप्टेंबर 1985 ला पहिली झोतभट्टी पेटली. तिचं आकारमान 4,063 घनमीटर. तोवर चीनमधल्या मोठ्या भट्ट्या 2,500 घनमीटरच्या आसपास होत्या. दुसरी 1991 मध्ये आणि तिसरी 1994 मध्ये सुरू झाली.

यंत्रांबरोबर जपानहून देखभालीची पद्धतही आली, आणि चीनमधल्या इतर कारखान्यांवर तिचा फार परिणाम झाला. जुनी रीत होती, मोडलं की दुरुस्त करा. नव्या पद्धतीत प्रत्येक यंत्रासाठी पाच गोष्टी आधीच लिहिलेल्या: कुठे तपासायचं, कसं तपासायचं, काय मोजमाप योग्य धरायचं, कोणी तपासायचं आणि किती दिवसांनी. खनिज वाहणाऱ्या पट्ट्याजवळ तपासनीस थांबतो, बेअरिंगचं तापमान घेतो, ऐकण्याची सळई लावून आवाज ऐकतो, कंप मोजतो आणि आकडा नोंदवतो. एका दिवसाच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. आठवडाभर चढत गेलेली रेघ सांगते की बेअरिंग जाणार. मग ठरलेल्या बंदच्या दिवशीच तो बदलायचा. मुख्य म्हणजे दुरुस्ती कधी आणि किती, हे ठरवण्याचा अधिकार तपासनिसाकडे असतो. तो काढून घेतला की पद्धत कागदावरच राहते.

17 नोव्हेंबर 1998 ला शांघायच्या जुन्या गिरण्या आणि मेइशान कारखाना बाओस्टीलमध्ये विलीन झाले. या काळात कंपनीची धुरा शिए छीहुआ या महिला अभियंत्यांकडे होती. 2002 मध्ये रिओ टिंटो या खाणकंपनीच्या हॅमर्सलीबरोबर ऑस्ट्रेलियातल्या पिलबारातल्या खाणीत 46 टक्के वाटा घेतला गेला. 20 वर्षं, वर्षाला 1 कोटी टन, असा तो हिशेब. त्याच सुमारास माजिशान बेटावर अडीच लाख टनी जहाजांचं बंदर तयार झालं. बाओस्टीलची भिस्त ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलच्या चांगल्या प्रतीच्या खनिजावर असली, तरी इतर चिनी गिरण्यांना हलका मालही हवा होता. 2012 च्या खाणबंदीआधी गोव्यातल्या कमी प्रतीच्या चुऱ्याला जी तेजी आली, ती या मागणीमुळेच.

एक प्रयोग फसला. कोकभट्ट्या टाळण्यासाठी शांघायमधल्या लुओजिंगला 2007 मध्ये कोरेक्स भट्टी, म्हणजे कोकऐवजी मुख्यतः कोळशावर चालणारी भट्टी, सुरू झाली. कर्नाटकात तोरणगल्लूला हेच तंत्र 1999 मध्ये आलं होतं. पण कोरेक्सलाही थोडा कोक लागतोच, चुऱ्याऐवजी महाग ढेकळं आणि गोळ्या लागतात. तिथल्या भावात रस परवडेना. 2012 मध्ये ती बंद करून भट्टी शिनजियांगच्या बायी कारखान्यात, कोळशाच्या जवळ, हलवण्यात आली.

1 डिसेंबर 2016 ला वुहानचा कारखाना मिळून चायना बाओवू झाली आणि 2020 मध्ये साडेअकरा कोटी टनांच्या उत्पादनाने ती जगात पहिल्या क्रमांकावर आली. त्याआधीच, सप्टेंबर 2015 मध्ये, दक्षिणेत झानजियांगला 5,050 घनमीटरची भट्टी पेटली होती. इथेही खाण नाही, पण समुद्र खोल आहे. 3 लाख टनी जहाज थेट धक्क्याला लागतं आणि खनिज पट्ट्यावरून सरळ कारखान्याच्या आवारात पडतं.