गळू गोळीने आटत नाही

‘गळू झाले की अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स घ्यावा, पू आतल्या आत आटतो आणि चिरावे लागत नाही’ हा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. पिकलेल्या गळवात पुवाभोवती शरीरानेच भिंत उभारलेली असते आणि आतल्या पोकळीत रक्तवाहिन्या नसल्याने रक्तातून येणारे औषध तिथे पुरेसे पोहोचत नाही, पोहोचले तरी पुवात नीट काम करत नाही. म्हणून हलके दाबल्यावर आतला द्रव बोटांखाली सरकल्यासारखा लागला, तर डॉक्टरांकडून चीर देऊन पू काढणे हाच मुख्य उपचार होय. ठणकाही त्यानेच झपाट्याने उतरतो.

मग गोळ्या निरर्थकच का? तसेही नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत सर्वांचाच पू काढला होता. त्यानंतर अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के, तर औषध नसलेली गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के बरे झाले. फायदा खरा, पण बेताचा. निरोगी माणसाचे लहान गळू पू निघाल्यावर बहुधा तेवढ्यानेच भरून येते. मात्र ताप, भोवती पसरत जाणारी लाली, दुबळी प्रतिकारशक्ती किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टर सहसा चीर देऊन शिवाय अँटिबायोटिकही देतात, आणि मधुमेह इतका पसरलेल्या आपल्या समाजात हा अपवाद लहान नाही. नाकाजवळचे किंवा वरच्या ओठावरचे गळू तर कृपा करून घरी पिळू नका. तिथला संसर्ग शिरांवाटे मेंदूकडे जाऊ शकतो.