पार्श्वभूमी : बोट्स्वानातली शिकार, बंदी आणि पुन्हा शिकार

ताडोबाहून आलेला माणूस 'दोन सफारी केल्या' म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात फार तर कॅमेरा असतो. शब्द मात्र मोठा फिरलेला आहे. अरबीतला 'सफर' फारसीतून आपल्याकडे सफर म्हणूनच आला. तोच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत शिरून 'सफारी' झाला. अर्थ दोन्हीकडे एकच, प्रवास. गोऱ्या शिकाऱ्यांनी त्यात बंदूक घातली, केनियाने ती काढून घेतली आणि आपल्यापर्यंत शब्द पोचला तो आधी सफारी सूट म्हणून, मग उघड्या जिप्सीतली फेरी म्हणून. इथे विषय आहे मधल्या अर्थाचा, म्हणजे पैसे मोजून, वाटाड्या घेऊन, आफ्रिकेच्या झाडोऱ्यात मोठं जनावर मारायला जाण्याचा. त्यातही बोट्स्वानाचा, कारण या धंद्यावरचं सगळ्यात मोठं भांडण गेल्या दहा-बारा वर्षांत तिथेच झालं.

वसाहतकाळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यामुळे थोडक्यात. 1909 मध्ये अमेरिकेचे नुकतेच पायउतार झालेले राष्ट्राध्यक्ष मोंबासाला उतरले. त्यांच्या मोहिमेने किड्यामुंग्यांपासून हत्तींपर्यंत 11 हजारांवर नमुने गोळा केले. त्यातले पाचशेच्या वर प्राणी त्यांनी आणि त्यांच्या मुलाने स्वतः टिपले. नैरोबी या धंद्याची राजधानी झाली ती त्याच सुमारास. परवाना, ठरावीक जनावरं, सोबत पगारी गोरा शिकारी, शे-दीडशे हमाल असा साचा पडला. हमालांच्या जागी पुढे गाड्या आल्या, बाकी साचा तसाच राहिला. 'बिग फाइव्ह'सुद्धा मूळचा शिकाऱ्यांचा शब्द. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस, म्हणजे पायी गाठायला सगळ्यात धोक्याची पाच जनावरं. आज तो पर्यटकांच्या टी-शर्टवर असतो.

केनियाने मे 1977 मध्ये शिकारीवर सरसकट बंदी घातली. ती आजही आहे. टांझानियाने त्याआधीच, 1973 मध्ये, बंदी घातली होती आणि काही वर्षांनी उठवली. केनियाचं उदाहरण दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. तिथे 1973 मध्ये 1 लाख 67 हजारांच्या आसपास असलेले हत्ती 1989 पर्यंत 20 हजारांच्या घरात आले. शिकारवाले म्हणतात, बघा, बंदीने काय वाचलं? विरोधक म्हणतात, ते हस्तिदंताच्या टोळ्यांनी मारले, परवानाधारक पाहुण्यांचा त्यात संबंध काय? दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच या उदाहरणातून काही सिद्ध होत नाही. एवढं मात्र खरं की नैरोबीतल्या कंपन्यांनी बाडबिस्तरा गुंडाळला. स्वातंत्र्याच्या चाहुलीने काहीजण 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच तेव्हाच्या बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोट्स्वानात, आले होते. बाकीचे नंतर आले.

शिकारीचा दिवस कसा असतो हे माहीत नसलं तर पुढचा वाद हवेतला वाटेल. मार्गदर्शन 'पीएच'चं, म्हणजे परवानाधारक व्यावसायिक शिकाऱ्याचा. परदेशी पाहुण्याला त्याच्याशिवाय जंगलात पाऊल टाकता येत नाही. पण खरा डोळा ट्रॅकरचा. पहाटे थंडीत लँड क्रूझर वाळूच्या रस्त्याने सावकाश निघते आणि ट्रॅकर वर बसून रस्त्यावरचे ठसे वाचत असतो. हत्ती रात्री पाणवठ्यावर येऊन गेलेला असतो. पुढच्या पायाच्या ठशाचा घेर मोजून दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची निघते. ठसा लांबट आणि टाचेकडे घासून गुळगुळीत झालेला असेल तर जनावर म्हातारं, म्हणजे सुळे मोठे असण्याची शक्यता. मग उतरायचं. लीद हातात घेऊन ऊब बघायची, राखेची पुरचुंडी झटकून वारा कुठला ते बघायचं आणि मोपानेच्या झुडपांतून चालत सुटायचं. दहा-पंधरा किलोमीटर चालून, शेवटी वीस-तीस पावलांवरून हत्ती पाहून, 'हा नको, लहान आहे' म्हणून परत फिरणं हे नेहमीचं. गोळी झाडली तर पुढचं काम स्किनरचं. कातडं सोलणं, मीठ लावणं, सुळे काढणं. मांस गावात जातं. मग कागदपत्रं. पाहुणा पैसे भरतो ते दोन खात्यांत : दिवसाचा दर वेगळा आणि 'ट्रॉफी फी' वेगळी. ट्रॉफी म्हणजे चषक नव्हे, तर मारलेल्या जनावराचं डोकं, शिंगं, सुळे, कातडं.

बोट्स्वानात ही फी शेवटी कुठे जाते, हा मुद्दा 1990 च्या दशकात बदलला. देशाची जवळपास 40 टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानं, राखीव जंगलं आणि त्यांना लागून असलेल्या वन्यजीव-क्षेत्रांत मोडते. या क्षेत्रांचे तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक दिले. देशाच्या वायव्येकडच्या नगामीलँड जिल्ह्यातले 'एनजी'पासून सुरू होतात. काही तुकडे गावांच्या ट्रस्टांकडे आले. वन्यजीव खातं दरवर्षी ठरवी की या तुकड्यात इतके हत्ती, इतक्या रानम्हशी, इतके इंपाला. गाव तो कोटा एखाद्या सफारी कंपनीला विकी.

मौन नावाच्या शहराच्या ईशान्येला सांकुयो हे छोटं गाव आहे, तुकडा एनजी-34. 2010 मध्ये या गावाच्या वाट्याला 120 जनावरं होती, त्यात 22 हत्ती. मिळकत जवळपास 6 लाख डॉलर. त्या पैशांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 20 घरांना अंगणात संडास मिळाले आणि 40 कुटुंबांच्या दारात नळ आला. आफ्रिकेतल्या शिकारीवरच्या चर्चेत नीतीचे मोठमोठे शब्द येतात, मला मात्र दरवेळी हे संडास आठवतात. हत्तीची शिकार इथे सलग चालू होती असंही नाही. 1983 पासून 1996 पर्यंत ती थांबलेलीच होती. सिंहाची तर दोनदा बंद झाली.

आता मुख्य गोष्ट. जानेवारी 2014 पासून सरकारने सरकारी आणि सामूहिक जमिनीवर शिकार बंद केली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लष्करातून आलेले, वन्यजीवांबद्दल कळकळ असलेले. आदेशाला कारण देण्यात आलं ते जनावरांची घट. नगामीलँडच्या हवाई मोजणीत 1996 नंतरच्या दीड दशकात शहामृग 95 टक्के, विल्डबीस्ट 90 टक्के, सेसेबी हरणं 84 टक्के आणि जिराफ जवळपास दोन-तृतीयांश घटल्याचं आढळलं होतं. आकडे धक्कादायक होतेच. पण त्याच मोजणीत हत्ती घटलेले नव्हते, उत्तर बोट्स्वानात ते 1 लाख 30 हजारांच्या आसपास स्थिर होते, आणि गावांचा खरा पैसा यायचा हत्तीतून. शिवाय घटीची कारणं म्हणून दुष्काळ, वणवे, माणसांचं अतिक्रमण, चोरटी शिकार आणि परवान्याची शिकार अशी मोळीच बांधलेली. त्या मोळीतली एकच काडी ओढणं सरकारला सोपं होतं.

गुंता वाढवला तो शब्दाने. आदेशात प्राण्यांची शिकार, पकडणं आणि हलवणं असं तिन्ही बंद केलेलं. प्रत्यक्षात 'शिकार' या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे व्यवहार होते. एक, डॉलर मोजणारा पाहुणा. दोन, स्वस्त परवाना काढून रानम्हैस किंवा कुडू मारणारा बोट्स्वानाचा नागरिक. तीन, कालाहारीतले बासार्वा, ज्यांना आपण सान किंवा बुशमन म्हणून ओळखतो, ज्यांच्यासाठी शिकार हे जेवण होतं. आदेशाने तिघांनाही एका दावणीला बांधलं. सुटली ती चौथी गोष्ट : नोंदणीकृत खासगी गेम रँच. म्हणजे पश्चिमेच्या गांझी भागातल्या कुंपणबंद रँचवर पाहुणा 2014 नंतरही शिकार करू शकत होता, सांकुयोच्या शिवारात नाही आणि बासार्वा तर आपल्या जंगलात हरणामागे गेला की गुन्हेगार. आपल्या मराठीतही हाच घोळ आहे. परवान्याची ती शिकार, विनापरवाना तीही शिकार, फरक दाखवायला 'चोरटी' हे एक विशेषण. पण तिथे त्या विशेषणाची किंमत मोठी होती. त्याच सरकारचं धोरण चोरट्या शिकाऱ्याला दिसताक्षणी गोळी घालण्याचं होतं.

शिकारीची जागा फोटो-पर्यटन घेईल असं सांगण्यात आलं. ओकावांगो नदीच्या पाण्याकाठच्या तुकड्यांत ते झालंही. पण शिकारीचे बरेचसे तुकडे सपाट, कोरड्या मोपानेचे होते. एका रात्रीला हजार डॉलर मोजणाऱ्या पर्यटकाला पाणी, हिरवळ आणि दारात बिबट्या लागतो. मैलोगणती काट्याकुट्यांतून एक हत्ती पाहायला येतो तो शिकारीच. ट्रस्टांचं उत्पन्न आटलं, ट्रॅकर-स्किनरांचे पगार थांबले. हत्ती शेतात येतच राहिले, सिंह गुरांवर. नुकसानभरपाई सरकार देई, पण हत्तीकडे बघण्याची नजर बदलली होती. कालपर्यंत मोल असलेलं जनावर आता नुसतं उपद्रवी.

एप्रिल 2018 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष आले. पक्ष तोच, सूर वेगळा. जूनमध्ये संसदेत बंदी उठवण्याचा ठराव आला आणि मंत्र्यांची समिती गावोगावच्या क्गोत्लांत बसली. क्गोत्ला म्हणजे गावची चावडी, जिथे उठून बोलण्याचा हक्क प्रत्येकाला. 2014 च्या आधी असं विचारायला कोणी गेलं असतं तर अर्धा वाद टळला असता, असं माझं मत आहे. दरम्यान सप्टेंबरमध्ये एका संस्थेने 87 हत्तींची सुळे काढलेली प्रेतं सापडल्याचं जाहीर केलं. चोरट्या शिकारीविरोधी पथकांची मोठी शस्त्रं काही महिन्यांपूर्वीच काढून घेतली होती. सरकारने आकडा नाकारला. जगभर बातमी झाली ती मात्र 87 चीच.

फेब्रुवारी 2019 चा समितीचा अहवाल सरकारलाच जड गेला. बंदी उठवा, इथपर्यंत ठीक, पण त्यात हत्ती मारून संख्या कमी करण्याची आणि त्यांचं मांस डब्यात भरून पाळीव प्राण्यांचं खाद्य करण्याचीही सूचना होती. ती सोडून देण्यात आली. मेमध्ये कासानेला शेजारी देशांच्या प्रमुखांची बैठक झाली. यजमानांनी पाहुण्यांना हत्तीच्या पायाची स्टुलं भेट दिली. छायाचित्रं पाहून परदेशात जे व्हायचं ते झालं. त्याच महिन्यात बंदी उठली आणि ऑक्टोबरमध्ये निवडणूक होती. हा योगायोग नव्हता, हे विरोधकांनी आवर्जून सांगितलं. ग्रामीण मतांसाठी केलं म्हणून निर्णय चूक ठरतो का, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

फेब्रुवारी 2020 मध्ये राजधानी गाबोरोनला हत्तींच्या शिकारीच्या हक्कांचा लिलाव झाला. दहा-दहा हत्तींचे सात गट, बोलीसाठी 2 लाख पुलांची अनामत (पुला हे तिथलं चलन). सहा गट गेले, एक राहिला. एकूण 2 कोटी 57 लाख पुला, म्हणजे हत्तीमागे सरासरी सव्वाचार लाखांवर. रक्कम चांगली, पण हे सरकारने विकलेले हत्ती होते. ट्रस्टांनी आपला कोटा स्वतः विकण्याच्या जुन्या व्यवस्थेपेक्षा ही वाट लांबची. महिन्याभरात कोविडने विमानं थांबवली आणि हंगाम खऱ्या अर्थाने सुरू झाला तो एप्रिल 2021 मध्ये. त्या वर्षीचा कोटा 287 हत्तींचा.

शेकड्यांतला कोटा लाखाच्या कळपासमोर किरकोळ वाटतो. पण पाहुणा कुठलाही हत्ती मारत नाही, मोठ्या सुळ्यांचा म्हातारा नर मारतो, आणि ते मोजकेच असतात. 2022 मध्ये उत्तर बोट्स्वानात आठ फुटी सुळ्यांचा एक नर मारला गेला, तेव्हा बंदी घालणारे माजी राष्ट्राध्यक्ष जाहीरपणे बोलले. या एका बाबतीत त्यांचा मुद्दा खोडणं शिकारवाल्यांना जड जातं. असे नर तरण्या नरांना आवर घालतात आणि पिलावळीत त्यांचा वाटा मोठा असतो.

भारत या भांडणात कडेने आला. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाहून आठ चित्ते कुनोत उतरले. नामिबियाशी झालेल्या करारात जैवविविधतेच्या 'शाश्वत वापरा'ला आंतरराष्ट्रीय मंचांवर साथ देण्याची भाषा होती. नोव्हेंबरमध्ये पनामातल्या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हस्तिदंताच्या व्यापाराचा प्रस्ताव आला, तेव्हा आजवर विरोधात मत देणारा भारत तटस्थ राहिला. आफ्रिकेचा चित्ता आपल्याकडे पहिल्यांदाच आला असंही नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर संस्थानात तो शिकारीसाठीच आणला जाई.

युरोपात आता भांडण आयातीवर आहे. बेल्जियमने जानेवारी 2024 मध्ये अनेक प्रजातींच्या ट्रॉफींना दार बंद केलं. ब्रिटनमधलं विधेयक 2023 मध्ये खालच्या सभागृहात मंजूर होऊन वरच्यात अडकलं. युरोपात हत्तीच्या ट्रॉफी सर्वाधिक आणणाऱ्या जर्मनीने नियम कडक करायचं म्हटलं, तेव्हा एप्रिल 2024 मध्ये बोट्स्वानाचे राष्ट्राध्यक्ष म्हणाले, 20 हजार हत्ती पाठवतो, सांभाळा. जगाने ते विनोद म्हणून छापलं. मौनमधल्या कंपन्यांचं बहुतांश गिऱ्हाईक मात्र अमेरिकी आहे, त्यामुळे तिथे बर्लिनपेक्षा वॉशिंग्टनच्या आयात-परवान्याच्या नियमांवर डोळा जास्त असतो.