रग्बीचे नियम आणि रग्बी चषकाचे नियम: शिट्टी कुणाची, कागद कुणाचा?

विभागीय हौशी रग्बी चषक भरवायचा ठरला की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘नियमांचं काय एवढं, वर्ल्ड रग्बीचे आहेतच की! प्रती काढून संघांना वाटून टाकू.’ सगळे माना डोलावतात आणि विषय मंडप, ट्रॉफी, प्रमुख पाहुणे यांच्याकडे वळतो. पुढे उपांत्य सामना बरोबरीत सुटतो, एखाद्या संघाची गाडी मोहोळजवळ पंक्चर होते किंवा कुणाच्या संघात बाहेरगावचा खेळाडू निघतो. मग ती प्रत कितीही चाळली तरी हाती काही लागत नाही. या प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीतच.

खेळाचे नियम आणि स्पर्धेचे नियम ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. पहिलं वर्ल्ड रग्बी ही या खेळाची जागतिक संघटना लिहिते. त्यात 21 नियम आहेत: मैदान केवढं, चेंडू पुढे फेकला तर काय, टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) कुठवर चालतो, ट्रायचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेवर किंवा तिच्यापलीकडे जमिनीला टेकवण्याचे) 5, कन्व्हर्जनचे (ट्रायनंतरच्या किकचे) 2, पेनल्टी किंवा ड्रॉप गोलचे 3 गुण. डब्लिनमध्ये जे लागू, तेच सोलापुरात. ट्रायला 6 गुण दिले तर मजा येईल, असं आयोजकांना कितीही वाटलं तरी तो त्यांचा प्रांत नाही. दुसरं पुस्तक फक्त तुमच्या चषकापुरतं असतं आणि ते तुम्हीच लिहायचं असतं: कोण खेळू शकतो, गट कसे पाडायचे, गुणतक्ता कसा, बरोबरी झाली तर पुढे कोण जाणार, तक्रार कुणाकडे करायची. आपल्याकडे खो-खो आणि कबड्डीच्या स्पर्धा भरवून हात बसलेली माणसं पुष्कळ आहेत, त्यामुळे हे दुसरं पुस्तक त्यांच्या डोक्यात तयार असतं. कागदावर नसतं, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

साधारण खूण अशी: प्रश्न पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंतचा, रेषेच्या आतला असेल तर पहिलं पुस्तक उघडा. सामन्याआधीचा, नंतरचा किंवा दोन सामन्यांना जोडणारा असेल तर दुसरं. पण ही खूण दर वेळी पुरत नाही, कारण पहिल्या पुस्तकातच ठिकठिकाणी ‘आयोजकांनी परवानगी दिली असेल तर’ अशी दारं ठेवलेली आहेत. ती दारं माहीत नसलेला आयोजक एक तर नको तिथे हात घालतो, नाही तर हाताशी असलेला अधिकार वापरतच नाही.

सोलापूरपुरतं पाहायचं तर पहिलं दार पाण्याचं. उष्ण हवेत प्रत्येक हाफच्या मध्यावर एकदा, जास्तीत जास्त एक मिनिट, पाण्यासाठी थांबायची सोय खेळाच्या नियमांत आहे. मात्र पंचाला ती देता येते ती आयोजकांनी आधी मंजूर केली असेल तरच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. अशा वेळी पंधराच्या रग्बीचा चषक घेणारा आयोजक ही एक ओळ लिहायला विसरला, तर मैदानावरच्या पंचाला सोय माहीत असूनही हात बांधून उभं राहावं लागेल. (एप्रिल-मेमध्ये दुपारी सामने ठेवूच नयेत हे माझं मत. पण शाळा-कॉलेजच्या परीक्षा संपल्यावरच मुलं मोकळी होतात, हेही खरं.)

दुसरं दार प्रकाराचं. पंधरा जणांचं रग्बी घ्यायचं की सातांचं, हे स्पर्धा ठरवते. एकदा सातांचं ठरलं की त्यासोबत खेळाच्या नियमांतले बदलही आपोआप येतात. प्रत्येकी 7 मिनिटांचे दोन हाफ, मध्ये 2 मिनिटांपेक्षा जास्त विश्रांती नाही, पिवळं कार्ड मिळालेला खेळाडू 10 ऐवजी 2 मिनिटं बाहेर, कन्व्हर्जन ड्रॉप किकने (चेंडू हातातून टाकून, टप्पा पडताच मारलेल्या किकने), आणि गुण मिळवलेल्या संघानेच पुन्हा किक-ऑफ करायचं. पंधराच्या रग्बीत हेच उलट असतं, गुण गमावलेला संघ किक करतो. हौशी चषकात दोन्ही प्रकार खेळलेले खेळाडू एकत्र येतात, तेव्हा या एका मुद्द्यावरून हमखास आरडाओरडा होतो. व्यवस्थापकांच्या बैठकीत तो एकदा सांगून टाकलेला बरा.

आता बरोबरी. दोन्ही पुस्तकांची सर्वांत मोठी गल्लत इथेच होते.

सामना बरोबरीत संपणं हा खेळाच्या नियमांप्रमाणे पूर्ण निकाल आहे. साखळी सामना असेल तर दोघांना गुण वाटून सगळे घरी जातात. बाद फेरीत मात्र कुणीतरी पुढे जायला हवं, आणि ती गरज खेळाची नसून स्पर्धेची आहे. म्हणून पंधराच्या रग्बीत 80 मिनिटांनंतर जादा वेळ खेळवायचा तर बाद फेरीचा सामना आणि आयोजकांची मंजुरी, दोन्ही लागतं. सातांच्या रग्बीत जादा वेळेची रीत खेळाच्या नियमांतच दिली आहे: एक मिनिटाचा थांबा, मग 5-5 मिनिटांचे टप्पे, आणि जो आधी गुण मिळवेल तो जिंकला.

खरा पेच 19 वर्षांखालील मुलांच्या चषकात आहे. त्यांच्यासाठीच्या नियमांत सामना 70 मिनिटांचा असतो आणि बाद फेरीत बरोबरी झाली तरी पंचाने जादा वेळ खेळवायचा नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. मुलांच्या अंगावर ताण पडू नये हा त्यामागचा हेतू. शालेय किंवा ज्युनिअर गटाचा चषक घेणाऱ्यांनी मोठ्यांच्या स्पर्धेचा कागद उतरवून काढला आणि त्यात ‘10-10 मिनिटांचा जादा वेळ’ राहून गेला, तर तो नियम लागू करता येत नाही. कागदावर सही-शिक्का असला तरी पंच नकार देईल आणि त्याचं बरोबर असेल. इथे दुसऱ्याच निकषाने विजेता काढावा लागतो: कुणी जास्त ट्राय केले, तेही समान असतील तर कन्व्हर्जन, मग पहिला ट्राय कुणाचा. क्रम कोणताही ठेवा, पण तो पहिल्या सामन्याआधी संघांच्या हातात हवा.

मोठ्या स्पर्धांनाही हे निकष कसे भोवतात, ते 1995 च्या विश्वचषकात दिसलं. डर्बनला दक्षिण आफ्रिका विरुद्ध फ्रान्स उपांत्य सामन्याआधी धो-धो पाऊस झाला. सामना लांबला, बायका झाडू घेऊन मैदानावरचं पाणी काढत होत्या. तो सामना रद्द झाला असता तर स्पर्धेच्या नियमाप्रमाणे शिस्तीची नोंद पाहिली जाणार होती, आणि आफ्रिकेच्या जेम्स डाल्टनला आधीच्या कॅनडाविरुद्धच्या सामन्यात लाल कार्ड मिळालं होतं. म्हणजे एकही चेंडू न खेळता फ्रान्स अंतिम फेरीत गेला असता. शेवटी सामना झाला, आफ्रिका 19-15 ने जिंकली आणि पुढे विश्वचषकही. लाल कार्ड दाखवणं हे पहिल्या पुस्तकातलं, पण त्या कार्डाला पुढच्या फेरीत किती वजन द्यायचं हे दुसऱ्या पुस्तकाने ठरवलेलं होतं.

2019 च्या जपानमधल्या विश्वचषकात तर प्रत्यक्ष सामनेच रद्द झाले. हगिबिस वादळामुळे तीन साखळी सामने खेळवता आले नाहीत. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे ते 0-0 बरोबरीत धरले आणि दोन्ही संघांना 2-2 गुण दिले. न्यूझीलंडशी खेळायची वाट पाहणारा इटलीचा संघ मैदानावर न उतरताच स्पर्धेबाहेर गेला. त्यांची नाराजी समजण्यासारखी होती, पण नियम आधीपासून लिहिलेला होता, त्यामुळे निकाल टिकला. आपल्याकडे वादळ येणार नाही, पण काळ्या मातीचं मैदान जुलैत एका सरीत चिखल होतं आणि त्यावर सुरक्षित स्क्रम (चेंडूसाठी दोन्ही संघांचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून ढकलतात ती रचना) लावता येत नाही. मैदानाचा कुठलाही भाग धोकादायक असेल तर पंचाने सामना सुरूच करायचा नाही, हे खेळाच्या नियमांत आहे. पुढे तो सामना उद्या घ्यायचा, गुण वाटायचे की नाणं उडवायचं, यावर पहिलं पुस्तक गप्प असतं.

नाणं उडवण्यावरून आठवलं. 2009 च्या हाइनिकेन कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत कार्डिफ ब्लूज आणि लेस्टर टायगर्स जादा वेळेनंतरही 26-26 असे बरोबरीत राहिले, ट्रायही समान. मग गोलसमोरून एकेकाने किक मारायची स्पर्धा झाली. ज्यांचं काम आयुष्यभर चेंडू हिसकावण्याचं, अशा फॉरवर्ड्सवर किक मारायची पाळी आली. मार्टिन विल्यम्सची किक चुकली आणि लेस्टर 7-6 ने पुढे गेलं. नियम लेखी होता आणि पाळला गेला, तरी रग्बीचा सामना असा संपावा का, हा वाद पुष्कळ रंगला. हौशी चषकात मी हा पर्याय ठेवणार नाही. ट्रायच्या संख्येवर निर्णय नेणं खेळाच्या स्वभावाला जास्त धरून आहे.

साखळीतल्या गुणांची बाब थोडक्यात. पंधराच्या स्पर्धांत विजयाला 4, बरोबरीला 2, चार ट्राय केले तर 1 जादा आणि 7 किंवा कमी गुणांनी हरलात तर 1 जादा, ही पद्धत रुळलेली आहे. सातांच्या स्पर्धांत 3-2-1 अशी, म्हणजे हरलेल्यालाही 1. मैदानावर न आलेल्याला 0 मिळतो, म्हणून हरत असलेला संघही शेवटच्या सामन्याला थांबतो. लांबून आलेले संघ दुपारच्या गाडीने निघून जाऊ नयेत असं वाटत असेल, तर हा एक गुण फार उपयोगी आहे. यातलं काहीही खेळाच्या नियमांत नाही, सगळं तुमच्या कागदावर.

तक्रारींचं काय? आपल्याकडे सामना हरला की प्रशिक्षक मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन थेट मंडपातल्या टेबलावर येतो. ‘साहेब, बघा की, पाय रेषेबाहेर होता.’ इथे आयोजकाने मोबाइल हातात घेतला की संपलं. सामन्यादरम्यान घटना काय घडली आणि तिला कोणता नियम लागू, याचा एकमेव निवाडा पंचाचा असतो, असं खेळाचे नियम सांगतात. पंच नेमण्याचा अधिकार आयोजकांचा असतो. एकदा नेमला की त्याच्या निर्णयावर बसण्याचा नसतो. व्हिडिओ पाहणारा अधिकारी हवा असेल तर तोही आयोजकांनी आधी नेमायचा असतो. प्रेक्षकातल्या कुणाचा फोन ती जागा घेऊ शकत नाही.

उलट तोच प्रशिक्षक ‘त्यांचा सात नंबर आमच्या जिल्ह्यातला नाही, वयही जास्त आहे’ म्हणून आला तर त्याला बसवून ऐकायलाच हवं. पात्रता हा पूर्णपणे स्पर्धेचा विषय आहे आणि पंचाचा त्याच्याशी संबंध नाही. आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड, नोंदणीची शेवटची तारीख, आक्षेप किती वेळात आणि किती शुल्कासह घ्यायचा, खोटं निघालं तर सामना प्रतिस्पर्ध्याला द्यायचा की संघच बाद करायचा, हे सगळं लेखी हवं.

या दोघांच्या मधोमध बसणारा एक प्रसंग आहे. समजा बार्शीच्या संघाचे सातांऐवजी आठ जण मैदानात आहेत आणि तसाच त्यांनी ट्राय केला. पंढरपूरच्या कर्णधाराच्या लक्षात आलं आणि त्याने पंचाला सांगितलं. खेळाचा नियम असा की पंच एकाला बाहेर काढेल, पेनल्टी देईल, पण तोवरचा गुणफलक बदलणार नाही. ट्राय कायम! ऐकून पंढरपूरकरांचा संताप होणार. आयोजकांना तिथे धावत जाऊन ट्राय रद्द करायचा मोह होईल, पण तो अधिकार त्यांना नाही. सामन्यानंतर त्या संघावर शिस्तीची कारवाई करायची तरतूद मात्र स्पर्धेच्या कागदात ठेवता येते.

लाल कार्डाचंही तसंच. पंच खेळाडूला बाहेर काढतो, अहवाल लिहितो आणि त्याचं काम संपतं. पुढे किती सामन्यांची बंदी, हे शिस्तपालन समितीने वर्ल्ड रग्बीच्या शिस्तविषयक तरतुदींच्या चौकटीत ठरवायचं. दोन दिवसांच्या चषकात ही समिती त्याच संध्याकाळी बसली नाही, तर तो खेळाडू सकाळी बूट बांधून उभा असतो.

डोक्याच्या दुखापतीवर वाद घालायला जागाच नाही. मेंदूला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर जातो आणि त्या सामन्यात परत येत नाही. हौशी खेळाडूंनी किमान 21 दिवस सामना खेळू नये, असं वर्ल्ड रग्बीचं 2023 पासूनचं मार्गदर्शन आहे, म्हणजे तुमच्या चषकातून तो बाहेर. मात्र त्याच्या जागी संघाच्या (सातांच्या चषकात बारा जणांच्या) यादीत नवं नाव घेता येईल का, हे स्पर्धेने सांगायचं असतं. परवानगी द्या, असं मी म्हणेन. नाही दिली तर प्रशिक्षकाला दुखापत लपवण्याचं कारण मिळतं. रुग्णवाहिकेशिवाय सामना सुरू होणार नाही हेही लिहा, आणि तारखा आषाढी वारीच्या आठवड्यात ठेवू नका. तेव्हा रुग्णवाहिका आणि पोलीस दोन्ही पंढरपूरच्या वाटेवर असतात. जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरलेली असते, तिथलं तर बोलायलाच नको.

राहिलं ते प्रत्येक कागदाच्या तळाशी असलेलं वाक्य: ‘वर न आलेल्या बाबींवर स्पर्धा समितीचा निर्णय अंतिम राहील.’ हे वाक्य हवंच, पण त्याचा अर्थ ताणू नका. पंचाने दिलेला ट्राय ही ‘वर न आलेली बाब’ होत नाही. आणि समितीत बसलेला माणूस एखाद्या संघाचा प्रशिक्षक किंवा खेळाडूचा बाप असेल, तर त्या प्रकरणापुरता त्याने टेबलावरून उठायचं, हेही त्याच वाक्याखाली लिहून ठेवा. सोलापुरात रग्बीची माणसं मोजकी आहेत, त्यामुळे कुणी ना कुणी उठणार हे नक्की. राखीव सदस्याचं नाव आधीच ठरवलेलं असू द्या.