पार्श्वभूमी : पॅनिक अटॅक आणि मेंदूतली आम्लता

पॅनिक डिसऑर्डर म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके (पॅनिक अटॅक) वारंवार येण्याचा विकार. त्याच्या चर्चेत 'मेंदूतली ॲसिडिटी' असे शब्द आले की बरेच जण थेट जेवणाच्या वेळांकडे आणि जळजळीवरच्या गोळ्यांकडे वळतात. पोटातल्या आम्लाचा इथे काही संबंध नाही. प्रश्न आहे तो मेंदूतल्या पेशींभोवतीच्या द्रवाचा पीएच किंचित घसरण्याचा, म्हणजे आम्लता वाढण्याचा, आणि त्यातून अटॅक येतो का याचा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. श्वास रोखून धरला की काही वेळाने तो सोडावाच लागतो, त्याचं मुख्य कारण हे साठत जाणारं आम्ल. ऑक्सिजनची टंचाई नंतर येते.

छातीत धडधड, धाप, आता मरतो की काय असं वाटणं, या तक्रारींना एकोणिसाव्या शतकात हृदयाचा विकार मानलं गेलं. 1871 मध्ये अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या अशाच लक्षणांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध झालं. पुढे नावं बदलत गेली, कधी हृदय, कधी मज्जातंतू, कधी मन. खरं वळण 1960च्या दशकातलं. इमिप्रामिन नावाच्या नैराश्यावरच्या औषधाने अचानक येणारे अटॅक थांबतात, पण 'पुन्हा येईल का' ही धास्ती मात्र तशीच राहते, असं दिसलं. म्हणजे या दोन भीती वेगळ्या होत्या. 1980 मध्ये अमेरिकेच्या अधिकृत निदान-पुस्तिकेत पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र जागा मिळाली, ती बऱ्याच अंशी यामुळे.

सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो लॅक्टेटवरून. लॅक्टेट म्हणजे स्नायू जोरात काम करताना शरीरात तयार होणारा पदार्थ. चिंताविकार असलेल्यांच्या रक्तात व्यायामानंतर ते जास्त वाढतं, अशी जुनी निरीक्षणं होती. 1967 मध्ये दोन संशोधकांनी सोडियम लॅक्टेट शिरेतून थेंबथेंब दिलं. 14 रुग्णांपैकी 13 जणांना अटॅक आला, निरोगी 10 जणांपैकी दोघांनाच. प्रयोगशाळेत हवा तेव्हा अटॅक आणता येतो, हे यातून कळलं. मग बोलण्यात 'लॅक्टेट' आणि 'लॅक्टिक ॲसिड' यांची सरमिसळ झाली आणि 'आम्लामुळे पॅनिक' हे वाक्य रूढ झालं.

पण शिरेत जात होतं ते लॅक्टिक ॲसिड नव्हतं, त्याचं सोडियमचं मीठ होतं. शरीर लॅक्टेट वापरून टाकतं, त्यातून आम्लता कमी करणारं बायकार्बोनेट उरतं आणि रक्त उलट अल्कधर्मी होतं. मग आम्लाचा सिद्धांत उताणा पडला का? माझ्या मते नाही. बायकार्बोनेट रक्तातून मेंदूत सावकाश जातं, कार्बन डायऑक्साइड मात्र सहज आत शिरतो. त्यामुळे रक्ताचा पीएच एकीकडे आणि मेंदूतल्या एखाद्या कोपऱ्याचा दुसरीकडे, असं होऊ शकतं. शरीरातल्या विचित्र संवेदनांनी माणूस घाबरतो, रसायन कुठलं याला महत्त्व नाही, असाही प्रतिवाद झाला. त्यात तथ्य आहेच. पण त्या प्रतिवादाचा सोपा अर्थ लावून रुग्णांना जे ऐकवलं गेलं ते क्लेशदायक होतं. ईसीजी नॉर्मल, तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत! घाम फुटलेल्या, हातापायांना मुंग्या आलेल्या माणसाला असं सांगून घरी पाठवणं म्हणजे उपचार नव्हे.

1984 मधल्या एका प्रयोगाने हा वाद पुढे सरकवला. जोरजोरात श्वास घेतल्याने अटॅक येतो का, हे तपासायचं होतं. तुलनेसाठी 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवाही दिली. तिने काही होणार नाही, हे गृहीतच होतं. झालं उलटं. अटॅक जास्त आले ते त्या हवेनेच. जोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून कमी होतो, इथे तो वाढला होता.

त्याच दशकात 35 टक्के कार्बन डायऑक्साइडची चाचणी रुळली. तोंडावर मास्क, एक खोल श्वास, तो काही सेकंद धरून ठेवायचा, मग सोडायचा. पॅनिक डिसऑर्डर असलेल्यांना क्षणात जीव गुदमरल्यासारखं होतं आणि एक-दोन मिनिटांत ते ओसरतंही. त्या मिश्रणात उरलेला 65 टक्के भाग ऑक्सिजनच असतो. म्हणजे प्राणवायू भरपूर आणि तरी गुदमरणं. 1993 मध्ये याला सूत्ररूप मिळालं : मेंदूत गुदमरण्याची सूचना देणारी घंटा आहे आणि काहींमध्ये ती नको तेव्हा वाजते.

घंटेचं बटण कुठे आहे, याचा धागा उंदरांमध्ये सापडला. आम्लता वाढली की उघडणारी आयन-द्वारं, म्हणजे विद्युतभारित कण आत सोडणारी सूक्ष्म छिद्रं, चेतापेशींच्या आवरणात असतात. त्यांचं जनुक 1997 मध्ये हाती आलं होतं. 2009 मध्ये दिसलं, की 10 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये उंदीर भीतीने जागच्या जागी थिजतात. हे द्वार नसलेले उंदीर खूपच कमी थिजतात. आणि फक्त अमिग्डालात, म्हणजे भीतीशी जोडलेल्या बदामाएवढ्या भागात, ते परत बसवलं की भीती परतते.

चित्र पूर्ण झालं असं वाटत असतानाच 2013चा निकाल आला. दुर्मिळ आजाराने दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या तीन रुग्णांना 35 टक्क्यांचा एक श्वास दिला. त्यांतली एक व्यक्ती सापाला किंवा कोळ्यालाही घाबरत नसे. त्या तिघांनाही अटॅक आला. म्हणजे माणसात आम्लतेची चाहूल अमिग्डालाबाहेरही लागते, बहुधा मेंदूच्या बुंध्याशी, जिथे श्वासाची लय राखली जाते. पुढच्या श्वासाची वाट पाहताना मात्र त्यांचं हृदय इतरांसारखं आधीच धडधडू लागलं नाही. इमिप्रामिनने त्याच्या सुमारे पन्नास वर्षं आधी अटॅक थांबवून धास्ती मागे ठेवली होती. इथे अटॅक आला आणि धास्ती आलीच नाही.