कोल्हीण आई आणि इझुमोची गाठ

काबुकी या जपानी पारंपरिक नाटकाच्या रंगमंचावर एक आई मुलाला कवेत धरून, दातांत कुंचला पकडून कागदी दारावर कविता लिहिते: माझी आठवण आली तर इझुमीतल्या शिनोदाच्या रानात शोधायला ये. ही कुझुनोहा. यासुनाने शिकाऱ्यांपासून वाचवलेली पांढरी कोल्हीण बाईच्या रूपात त्याच्याशी संसार करते, रूप उघडं पडतं आणि तिला जावं लागतं. मागे राहिलेला मुलगा म्हणजे आबे नो सेइमेई (921–1005), दरबारातला खराखुरा ज्योतिषी. कोल्हिणीच्या पोटी त्याला दंतकथेने घातलं. आजच्या मांगा-ॲनिमेतले 'हान्यो', म्हणजे अर्धी माणसं नि अर्धे योकाई (जपानी लोककथांतले मायावी जीव), त्याचेच भाऊबंद.

असं मूल खरोखर का होत नाही? भलेभले गुणसूत्रांचा आकडा सांगून मोकळे होतात: माणसाची 46, तांबड्या कोल्ह्याची 34, जुळणार कशी? पण घोड्याची 64 नि गाढवाची 62 असून खेचर जन्मतंच. ते वांझ असतं, हे खरं. मात्र 66 गुणसूत्रांचा प्रझेवाल्स्की नावाचा रानघोडा आणि पाळीव घोडा यांच्या शिंगरांना 65 गुणसूत्रं असूनही पुढे पिल्लं होतात. नुसत्या आकड्याने काही ठरत नाही. दोन जाती फार दूरच्या असल्या, तर गुणसूत्रांची गाठ पडण्याआधीच, पेशीच्या उंबरठ्यावर, गाडं अडू शकतं.

त्या उंबरठ्यावरची एक किल्ली सापडली ती ओसाका विद्यापीठात. शिनोदाचं रानही ओसाका प्रांतातलंच, याचं मला फार अप्रूप वाटतं. 2005 साली नाओकाझू इनोउए, मासारू ओकाबे आणि सहकाऱ्यांनी शुक्राणूवरचं एक प्रथिन शोधलं आणि त्याला नाव दिलं इझुमो. लग्न जुळावं म्हणून जपानी माणसं ज्या देवळात हात जोडतात, ते इझुमोचं. जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात देशभरचे देव तिथे जमून कुणाची गाठ कुणाशी हे ठरवतात, अशी श्रद्धा आहे.

हे प्रथिन आधी दिसतच नाही. शुक्राणूच्या डोक्यावर ॲक्रोसोम नावाची टोपी असते, ती फुटली की इझुमो उघडं पडतं. ज्या उंदरांमधून त्याचं जनुक काढून टाकलं, त्यांचे शुक्राणू दिसायला धडधाकट, पोहायला तरबेज. बीजांडाचं जाड कवच, झोना पेलुसिडा, तेही ते भेदत. पण आत बीजांडाच्या पटलाला टेकून नुसते खोळंबत. एकही आत मिसळत नसे.

पलीकडचा जोडीदार 2014 साली इंग्लंडमध्ये सापडला. बीजांडावरच्या त्या प्रथिनाला विवाहाच्या रोमन देवीचं नाव मिळालं, जूनो. पूर्वी ते फोलेट (एक ब-जीवनसत्त्व) पकडतं असा समज होता. ते फोलेट पकडतच नाही. एक शुक्राणू आत आला की अर्ध्यापाऊण तासात बीजांड आपल्या पटलावरचं जूनो झटकून टाकतं, म्हणजे दुसऱ्याला दार बंद.

लग्नं जुळवणारं ते देऊळ ज्या इझुमो परिसरात आहे, तिथेच काही घराण्यांवर 'कोल्हे बाळगणारे' असा शिक्का मारून त्यांच्याशी सोयरीक टाळत. विसाव्या शतकातही. पेशीला नसलेली ही अट माणसांनी घातली आणि कित्येकांची लग्नं मोडली. कुझुनोहाची गोष्ट मला प्रिय आहे, पण ती खरी मानून शेजारच्या मुलीला नाकारणं हा निव्वळ अन्याय होता.

आता उंबरठा ओलांडला जातो, असंही एक उदाहरण आहे. 1976 मध्ये हवाईत र्‍यूझो यानागिमाची यांनी हॅमस्टरच्या बीजांडाचं कवच काढून त्यावर माणसाचे शुक्राणू सोडले. ते आत शिरले! पुढे पुरुषांच्या वंध्यत्वाच्या तपासणीत ही चाचणी वापरली गेली. कारण कळायला 2015 उजाडलं: माणसाचं इझुमो हॅमस्टरच्या जूनोला चिकटतं, उंदराच्या जूनोला चिकटत नाही. आत गेल्यावर शुक्राणूचं डोकं फुगतं, घट्ट गुंडाळलेला डीएनए सैल होतो. गर्भ मात्र धरत नाही.